अगंज पोलादाची धूळ

अगंज पोलाद (स्टेनलेस स्टील) कापताना, घासताना, त्याला चकाकी देताना किंवा ते जोडताना सुटणारा भुगा, पूड आणि धूर. ठाण्याच्या परिसरात ही धूळ भाईंदर पूर्वेच्या भांड्यांच्या गाळ्यांत, वागळे इस्टेट व नवी मुंबईच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आणि नव्या इमारतींना रेलिंग बसवताना थेट जिन्यातही तयार होते. कारखान्याला निदान चार भिंती असतात. जिन्यातल्या कामाला तेवढाही आडोसा नसतो, आणि खाली सोसायटीची मुले खेळत असतात.

अगंज पोलादात क्रोमियम किमान १०.५ टक्के असते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमची भर पडते. भांड्यांसाठी भारतात २०० मालिकेतल्या स्वस्त प्रतीही भरपूर वापरतात. त्यांत महागड्या निकेलचा बराच वाटा मँगनीजने भरून काढलेला असतो. धुळीचा धोका कोणत्या जातीचा, हे आधी या प्रतीवरून ठरते. एकाच मशिनवर आज एक आणि उद्या दुसरी प्रत चढली की खाली साचलेल्या भुग्यात काय आहे, हे मालकालाही नेमके सांगता येत नाही.

त्यातही नुसता धातू क्वचितच असतो. बफिंगचे, म्हणजे चाकावर घासून चकाकी देण्याच्या कामाचे, उदाहरण घ्यावे. कापडाच्या गोल चकत्या शिवून केलेले चाक मोटरवर वेगाने फिरते. कारागीर त्याला पॉलिशची वडी टेकवतो, चाक माखले की पातेले दाबून धरतो आणि हळूहळू फिरवत जातो. चाकामागे काळपट, चिकट पूड उडते. तिच्यात कापसाचे तंतू असतात, वडीतले मेण आणि चरबी असते, घासणारी खनिज पूड असते, आणि धातू त्यांच्या जोडीला. हिरव्या वडीचा रंग क्रोमियम ऑक्साइडचा. रंग पाहून धास्ती वाटावी असा असला तरी हे त्रिसंयुजी क्रोमियम आहे, म्हणजे तुलनेने सौम्य. याउलट पितळ आणि ॲल्युमिनियमच्या कामात अधिक चालणारी तपकिरी ट्रिपोलीची वडी साधी मातीसारखी दिसते. तिच्यात सिलिका असते, आणि सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात कायमची घर करते.

ग्राइंडरच्या ठिणग्या डोळ्यांत भरतात, पण श्वासाच्या दृष्टीने त्या दुय्यम आहेत. जड कण लगेच जमिनीवर पडतात. १० मायक्रोमीटरहून लहान कण मात्र हवेत तरंगत राहतात, आणि त्यांतले सर्वांत बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. ते दिसत नाहीत. उन्हाची तिरीप गाळ्यात आली तरच त्यांचा अंदाज येतो. लोहाच्या धुळीने एक्स-रेवर डाग दिसतात (सिडरोसिस). ही अवस्था बहुधा सौम्य असते, मात्र क्षयाच्या डागांशी तिची गल्लत होऊ शकते. म्हणून डॉक्टरला कामाचे स्वरूप आधी सांगावे. निकेलमुळे त्वचेला खाज व पुरळ येते, आणि एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. मँगनीजचा धूर दीर्घकाळ श्वासात गेला तर मज्जासंस्थेवर परिणाम होऊन पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू शकतात.

खरी भीती षट्‌संयुजी (हेक्साव्हॅलंट) क्रोमियमची, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या अधिक विषारी रूपाची आहे. साध्या घासकामात ते फारच थोडे तयार होते. वेल्डिंग, विशेषतः कांडीचे वेल्डिंग, आणि प्लाझ्मा कटिंग (अतितप्त वायूच्या झोताने धातू कापणे) यांच्या उष्णतेत ते धुरात उतरते. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने षट्‌संयुजी क्रोमियम आणि निकेलची संयुगे मानवाला कर्करोगकारक ठरवली आहेत, आणि २०१७ साली वेल्डिंगच्या धुरालाही त्याच पहिल्या गटात घातले. धातुरूप निकेल ‘कदाचित कर्करोगकारक’ या खालच्या गटात आहे. धातुरूप व त्रिसंयुजी क्रोमियमचे तसे वर्गीकरण होऊ शकलेले नाही. अमेरिकेत कामाच्या जागी षट्‌संयुजी क्रोमियमची मर्यादा २००६ पासून दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा ‘स्टीलच्या धुळीने कॅन्सर होतो’ हे सरसकट विधान ढोबळ आहे, आणि ‘स्टील तर आपण जेवायला वापरतो, त्याने काय होणार’ हे त्याहून ढोबळ. ताटाचा धातू ताटात घट्ट बसलेला असतो. तोच धूर होऊन छातीत गेला की त्याचे वर्तन बदलते.

डोळ्यात कण गेल्यास चोळू नये. लोहचुंबकाने तो निघेल या भरवशावर तर मुळीच राहू नये, कारण ३०४ किंवा २०० मालिकेचे स्टील चुंबकाला जवळपास दाद देत नाही. भंगारवाले चुंबक लावून प्रत ओळखतात ती याच गुणावरून. घासताना दाब आणि ओढ बसल्याने त्याच स्टीलचा भुगा मात्र थोडासा चुंबकीय होऊ शकतो. वर्षानुवर्षे ग्राइंडर चालवलेल्या माणसाने एमआरआय तपासणीपूर्वी ही गोष्ट सांगणे गरजेचे आहे. डोळ्यात जुना कण राहिला असेल तर एमआरआयच्या चुंबकीय क्षेत्रात तो हलून इजा करू शकतो.

बचावाची साधने जुनीच आहेत : चाकाच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारा पंखा व नळी, शक्य तिथे ओले घासकाम, आणि आयएस ९४७३ मानकाचा चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे व फरशी ‘साफ’ करण्याची सवय सर्वांत वाईट, कारण दिवसभर खाली बसलेली धूळ ती पुन्हा श्वासाच्या उंचीवर आणते. जिथे कामगार गाळ्याच्या पोटमाळ्यावरच जेवतात आणि झोपतात तिथे पाळी संपली तरी संपर्क संपत नाही. क्रोमियमने होणारे व्रण आणि मँगनीजची विषबाधा कायद्याने अधिसूचित व्यवसायजन्य रोगांत मोडतात. निदान करणाऱ्या डॉक्टरने ते कळवणे बंधनकारक आहे.

आगीचा धोका सहसा विसरला जातो. स्टीलची जाडसर पूड सहजी पेटत नाही. मेण लागलेला कापसाचा भुगा मात्र पेटतो, आणि धूळ ओढणाऱ्या नळीत तो साचला असताना शेजारच्या ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. स्टील व ॲल्युमिनियमची धूळ एकाच नळीत नेणे तर धोक्याला आमंत्रण आहे.

विल्हेवाटीचा सगळा प्रश्न मिसळण्याचा आहे. एकाच प्रतीची, तेल नसलेली कात्रणे व कीस हा विकाऊ माल आहे. तो भंगारातून पुन्हा भट्टीत जातो. तोच कीस कूलंटमध्ये (यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवात) भिजला, त्यात ग्राइंडिंग चाकाची पूड आणि बफचे तंतू पडले की भाव कोसळतो. बारीक पूड भट्टीत वितळण्याआधीच जळून धातुमळीत (स्लॅगमध्ये) जाते, म्हणून भट्टीवाल्यालाही ती नको असते. मग ती गोणीत भरून कचऱ्याच्या ढिगावर, नाल्यात किंवा खाडीकाठच्या भरावात जाते. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला आहे, आणि तिला मिळणारे नाले याच औद्योगिक पट्ट्यातून वाहतात. अखंड स्टील सहसा गंजत नाही, पण बारीक पुडीचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने प्रचंड असल्याने खाऱ्या किंवा आम्लयुक्त पाण्यात तिच्यातून निकेल व मँगनीज अधिक सहज सुटतात. असा भुगा उघड्यावर जाळू नये. मेण आणि कापसाचा धूर होतोच, शिवाय अल्कधर्मी राखेच्या सान्निध्यात तापल्यावर क्रोमियमचा काही भाग षट्‌संयुजी होऊ शकतो. आम्लाने स्टील धुतल्यावर उरणारा गाळ या भुग्यापासून कायम वेगळा ठेवावा.

घातक कचऱ्याला २०१६ चे केंद्रीय नियम लागू होतात. भुगा घातक की नाही, हे त्याच्या निचऱ्याच्या चाचणीवर, म्हणजे त्यातून द्रवात किती धातू उतरतो यावर, ठरते. निचऱ्यात क्रोमियम लिटरमागे ५ मिलिग्रॅमला पोहोचले की तो घातक. असा कचरा कारखान्यात सर्वसाधारणपणे ९० दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. या भागासाठी एक सामाईक प्रक्रिया व भराव केंद्र तळोजा औद्योगिक वसाहतीत आहे. मोठे कारखाने त्याचे सभासद होतात. महिन्याला गोणी-दोन गोणी भुगा निघणाऱ्या गाळ्याला चाचणी, नोंदणी आणि वाहतुकीचा खर्च झेपत नाही. औद्योगिक इस्टेटीच्या संघटनेने सर्व गाळ्यांचा भुगा झाकणाच्या पिंपांत एकत्र गोळा करून एकाच नोंदणीखाली पाठवणे हा व्यवहार्य मार्ग आहे. मात्र प्रत्येक प्रतीचा कोरडा कीस त्याआधी गाळ्यातच वेगळा निघाला पाहिजे, कारण पिंपात एकदा पडलेले कोणी निवडत बसत नाही.