पायलटची सोळा किलोची बॅग आणि आपल्या जालन्याचं ऊन

मागच्या मे महिन्यात भाचा जालन्याला आला होता, चार दिवसांची सुट्टी होती त्याला. एका एअरलाईनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे कॉकपिटमध्ये उजव्या सीटवर बसतो तो. दुपारी गाडीतनं उतरताना त्याचा ड्युटीचा टॅब डॅशबोर्डवरच राहिला आणि अर्ध्या तासानं आठवण होऊन आणला तर स्क्रीनवर बाकी काही नाही, नुसती थर्मामीटरची खूण आणि खाली मेसेज की आधी थंड होऊ द्या मगच वापरा. आक्का म्हणली, फ्रिजमध्ये ठेव की रे पाच मिनिटं. तो म्हणला नको आई, फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला कसा घाम येतो, तसा ह्यालाही येईल आणि ते पाणी आत गेलं तर कायमचा गेला समज. मग टॅब माठाशेजारी सावलीत ठेवला आणि आम्ही कूलरसमोर बसलो.

मी सहज विचारलं, अरे हे वर आकाशात झालं तर? त्या एका प्रश्नावर आमची संध्याकाळ गेली. मला वाटत होतं टॅब म्हणजे पायलटला टाइमपासला दिलेली वस्तू, पण त्या टॅबमध्ये त्याचं अख्खं दप्तर आहे. ह्याला इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग म्हणतात.

आधी खरंच बॅग होती. जुन्या फोटोत बघा, पायलटच्या हातात एक चौकोनी काळी जड पेटी दिसते. त्यात जाड फाइली, आणि फाइलीत पातळ कागदाची हजारो पानं, प्रत्येक विमानतळाची वेगळी. एका पानावर काय असतं, तर उतरायची वाट कुठून, कोणत्या ठिकाणी किती उंचीखाली यायचं नाही, आजूबाजूला डोंगर कुठं टॉवर कुठं, रेडिओ कोणत्या फ्रिक्वेन्सीला लावायचा, आणि धावपट्टी दिसलीच नाही तर कुठं वळून परत वर जायचं. त्याशिवाय विमानाची मॅन्युअलं वेगळी. अमेरिकेतल्या एअरलाईन्सनी स्वतःच सांगितलेला आकडा आहे, एका पायलटची बॅग साधारण १६ किलोच्या पुढं जायची. टॅब एका किलोच्याही आत.

ह्या पानांची सुरुवात मला फार आवडली. एलरे जेपसन नावाचा एक पायलट होता, १९३० च्या आसपास अमेरिकेत टपालाची विमानं चालवायचा. तेव्हा विमानासाठी असे नकाशेच नव्हते, लोक रस्त्याचे नकाशे बघून आणि खाली रेल्वेचे रूळ बघून उडायचे आणि ढगात सापडून डोंगरावर आदळायचे. ह्या माणसानं १० सेंटची एक छोटी वही घेतली आणि त्यात स्वतः नोंदी करायला लागला, कोणतं मैदान किती लांब, उतार कुणीकडं, वाटेतल्या टेकडीची उंची किती. उंची मोजायला तो अल्टिमीटर घेऊन स्वतः टेकड्या चढायचा. आणि त्या वहीत वाटेवरच्या शेतकऱ्यांचे फोन नंबर सुद्धा होते, निघायच्या आधी फोन लावून विचारायचं की बाबा तुझ्याकडं आभाळ कसं आहे. दुसरे पायलट ती वही मागायला लागले म्हणून १९३४ मध्ये त्यानं ती १० डॉलरला विकायला काढली आणि त्यातनंच पुढं जगभरच्या पायलटांना चार्ट, म्हणजे हीच पानं, पुरवणारी कंपनी उभी राहिली. आपल्या इकडं पाऊस कधी पडला, किती पडला हे डायरीत लिहून ठेवणारे शेतकरी असतात ना, त्याच जातीचं काम आहे हे.

आता मुद्द्याची गोष्ट. मी धरून चाललो होतो की टॅब आला तो वजनासाठी. वजनाचा फायदा आहेच. लांबच्या उड्डाणात विमानात जे काही जास्तीचं वजन न्याल, त्याच्या साधारण ३ टक्के इंधन दर तासाला नुसतं ते वजन वाहण्यात जातं. दोन पायलटांच्या बॅगा धरल्या तर तीस-पस्तीस किलो, म्हणजे तासाला एखादा किलो इंधन. ऐकायला काहीच वाटत नाही, पण शेकडो विमानं, रोजचे कितीतरी तास आणि वर्षाचे ३६५ दिवस असा गुणाकार करत गेलं की अमेरिकन एअरलाईन्स नावाच्या कंपनीनं २०१३ मध्ये कागद पूर्ण बंद केल्यावर सांगितलेला आकडा पटतो, वर्षाला ४ लाख गॅलन, म्हणजे साधारण १५ लाख लिटर इंधनाची बचत. त्यांना पहिली परवानगी मिळाली ती २०११ च्या डिसेंबरमध्ये, बोइंग ७७७ विमानांसाठी.

पण भाचा म्हणला, मामा वजन सोड, खरी कटकट पानं बदलायची होती.

जगभरात विमानमार्गांची आणि विमानतळांची माहिती बदलायचं एक ठरलेलं चक्र आहे, दर २८ दिवसांनी, आणि ते नेहमी गुरुवारी सुरू होतं. वर्षाला तेरा वेळा. कुठं नवीन टॉवर उभा राहिला, कुठं फ्रिक्वेन्सी बदलली, कुठं टॅक्सीवेचं, म्हणजे धावपट्टीकडं जायच्या वाटेचं, नाव बदललं, सगळं त्या तारखेला एकदम लागू. सगळ्यांनी एकाच दिवशी बदलायचं कारण असं की विमानातला पायलट जुन्या पानावर आणि खालचा कंट्रोलर नव्या पानावर असं झालं तर दोघं एकमेकांशी बोलतात खरं पण दोन वेगळ्या जगांबद्दल बोलतात. कागदाच्या जमान्यात पायलटच्या घरी पाकिटं यायची, त्यात नवी पानं आणि एक यादी, की हे काढा, हे घाला, हे फाडून टाका. भाच्याच्या ट्रेनिंगमधल्या एका जुन्या कॅप्टननी त्याला सांगितलेलं, की ड्युटी करून हॉटेलवर यायचं, जेवायचं, आणि पलंगावर फाइली पसरून दोन-दोन तास रिंगा उघडत बसायचं. डोळ्यावर झोप. त्यात एखादं जुनं पान तसंच राहिलं किंवा नवं पान भलत्याच ठिकाणी घुसलं तर ते कळणार कधी, तर पावसात ढगात त्याच विमानतळावर उतरायची वेळ आल्यावर. भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर राहिलं तर आपली फार तर एकादशी चुकते.

टॅबमध्ये हे सगळं एका डाउनलोडमध्ये होतं आणि वर तारीख दिसते की हा डेटा ह्या दिवसापर्यंत चालेल. माझ्या मते कागद जाण्यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, इंधनाची बचत ही वरकड कमाई.

एवढ्यात टॅब थंड होऊन चालू झाला आणि मग त्यानं मला जे दाखवलं त्यानं मी खरंच गप्प झालो. त्यात एक हिशोबाचं ॲप आहे, टेकऑफचं. विमानतळ निवडायचं, धावपट्टी, वारा, तापमान, विमानाचं वजन टाकायचं आणि ते सांगतं किती वेगाला नाक उचलायचं, आणि कोणत्या वेगापर्यंत ब्रेक मारून थांबता येईल आणि त्याच्या पुढं गेलात तर एक इंजिन बंद पडलं तरी उडायलाच लागेल. पूर्वी हे जाडजूड तक्त्यांमधनं बोट फिरवत काढायचे. त्यानं आपलं चिकलठाणा घेतलं, छत्रपती संभाजीनगरचं, आणि तापमान जानेवारीच्या सकाळचं टाकलं. मग बाकी काही न बदलता तेवढं तापमान ४२ केलं. खालचा आकडा, किती वजन घेऊन उडता येईल तो, माझ्या डोळ्यासमोर खाली आला.

असं का होतं? विमानाचे पंख हवेवर उभे असतात आणि इंजिनही हवाच गिळून ढकलतं. हवा तापली की फुगते, तितक्याच जागेत तिचे कण कमी मावतात. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर उंच आहे, म्हणजे हवा आधीच जरा पातळ. त्यात ४२ डिग्री. मी बसून गणित केलं तर एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.०५ किलो येतं. समुद्रकिनारी १५ डिग्रीला तेच १.२२५ किलो असतं. म्हणजे जवळपास १५ टक्के हवा गायब. विमानाच्या दृष्टीनं बघितलं तर ते चिकलठाण्यावरनं उडतच नाही, ते १६०० मीटर उंचीवरच्या धावपट्टीवरनं उडतंय, आणि १६०० मीटर म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या जवळपास! मे महिन्यातल्या दुपारी अख्खं मराठवाडा विमानासाठी डोंगराच्या माथ्यावर जाऊन बसतं. तेवढीच उचल मिळवायला साधारण ८ टक्के जास्त वेग लागतो, त्यात इंजिनाचा जोरही कमी झालेला, त्यामुळं धावपट्टी मात्र आठ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त लागते. उन्हाळ्यात दुपारच्या फ्लाइटला कधी कधी सामान किंवा माणसं कमी करायला लावतात त्यामागं हे गणित असतं, तेव्हा काउंटरवरच्या पोरीवर ओरडण्यात अर्थ नाही.

चिकलठाण्याच्या धावपट्टीचं नाव काढलं की आमच्या पिढीला २६ एप्रिल १९९३ आठवतो. भर दुपारी इंडियन एअरलाईन्सचं बोइंग ७३७ उडालं आणि धावपट्टीच्या पलीकडं बीड रोडवरनं कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला त्याची चाकं धडकली, पुढं विजेच्या तारा, आणि ११८ जणांपैकी ५५ जण गेले. त्यात कागद का टॅब असा प्रश्न नव्हता, चौकशीत निघालं ते असं की नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं गेलं आणि रस्त्यावरची वाहतूक थांबवलेली नव्हती. पण धावपट्टीच्या शेवटच्या काही मीटरची किंमत काय असते हे आपल्याइतकं कुणाला माहीत. म्हणून त्या ॲपवरचा आकडा हलताना बघून माझ्या पोटात कालवलं.

आणि तो आकडा टाकणारा माणूसच असतो. २० मार्च २००९ ला मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या एअरबस ए३४० मध्ये हिशोबाच्या कॉम्प्युटरवर वजन टाकायचं होतं ३६२.९ टन, टाकलं गेलं २६२.९. एका आकड्याची चूक, शंभर टन. मशीननं हलक्या विमानासाठी बरोबर उत्तर दिलं, कमी वेग आणि इंजिनाला कमी जोर. विमान उठेचना, शेपटी धावपट्टीवर घासली, शेवटी पूर्ण जोर लावून कसंबसं उचललं आणि परत फिरून उतरवलं. आत २७५ माणसं होती, सगळी वाचली. म्हणूनच आता दोन्ही पायलट आपापल्या टॅबवर वेगवेगळा हिशोब करतात आणि मग उत्तरं जुळवतात, एकानं केलेलं दुसऱ्यानं बघून हो म्हणणं चालत नाही. भाचा म्हणला, मला तर आकडा बघितल्या बघितल्या वाटायला पाहिजे की हे वजनाच्या मानानं कमी येतंय, ते वाटणं टॅबमध्ये नाही मामा, ते इथं, आणि कपाळाला बोट लावलं.

मग माझा मूळ प्रश्न, बंद पडला तर? पडतात. २८ एप्रिल २०१५ ला अमेरिकन एअरलाईन्सच्या पायलटांचं चार्टचं ॲप निघायच्या वेळेलाच बंद पडायला लागलं, कारण वॉशिंग्टनच्या एका विमानतळाचा एकच चार्ट डेटामध्ये दोनदा घुसला होता. कित्येक विमानं गेटवर परत आली, वायफाय पकडून ॲप काढून परत टाकलं तेव्हा निघाली. ह्यात शिकण्यासारखं हे आहे की कागदाची चूक एका पायलटच्या एका फाइलीत असायची, ही चूक एकाच वेळी सगळ्यांकडं पोचली. त्यामुळं कॉकपिटमध्ये टॅब किमान दोन असतात, चार्ज बघूनच निघायचं, जोडीला चार्जिंगची सोय, आणि काही ठिकाणी अजून थोडे कागद ठेवतात. आपल्या एसटीच्या कंडक्टरला आठवा, तिकिटाचं मशीन आलं तरी ते बंद पडलं की जुनी पेटी आणि पंच निघायचा, तसंच. बॅटरी लिथियमची असते, ती पेटली तर काय करायचं ह्याचंही ट्रेनिंग असतं. आणि तापायचं म्हणाल तर असे टॅब बाहेर ३५ डिग्रीपर्यंत नीट चालतील असे बनवलेले असतात, विमान वर गेल्यावर एसी असतो पण खाली उन्हात उभ्या विमानात काचेला लावलेला टॅब आपल्या डॅशबोर्डसारखाच भाजतो, म्हणून ते त्याला सावली करतात.

अजून एक मजेची गोष्ट, घरी करून बघण्यासारखी. पोलराइज्ड गॉगल घाला, मोबाइल समोर धरा आणि हळूहळू आडवा फिरवा. बऱ्याच मोबाइलचा स्क्रीन एका ठिकाणी काळाकुट्ट होतो. अशा स्क्रीनमधनं येणारा प्रकाश एकाच दिशेनं हेलकावणारा असतो आणि गॉगलची काच फक्त एका दिशेचा सोडते, दोन्ही दिशा काटकोनात आल्या की सगळा प्रकाश अडतो. म्हणून पायलटला पोलराइज्ड गॉगल घालू नका असं सांगतात. मी माझा घालून त्याचा टॅब फिरवला आणि सगळे डोंगर, धावपट्टी, आकडे विझून गेले. आक्कानं पण करून बघितलं, तिला पोराच्या कामाची एवढी काळजी कधी वाटली नव्हती म्हणली.

तो बुधवार होता. नवीन चक्र गुरुवारी ग्रीनिचच्या मध्यरात्री लागू होतं, म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेपाचला. घरात नेट चालेना म्हणून जेवायच्या आधी भाचा टॅब घेऊन गच्चीवर गेला, मी पण मागं गेलो. फरशी अजून गरम होती. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून तो पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला आणि अख्ख्या देशातल्या विमानतळांची नवी पानं हळूहळू उतरायला लागली. ६० टक्क्यांवर अडकलं, परत चालू झालं. खालनं आक्का दोनदा जेवायला हाक मारून गेली, तो म्हणला आलो आई, एवढं पूर्ण होऊ दे.