कॉलेजचा खेळाडू विकिपीडियात कधी बसतो?

अमेरिकेतल्या एखाद्या लहान कॉलेजकडून बास्केटबॉल किंवा फुटबॉल (त्यांचा, चेंडू हातात धरून धावायचा) खेळणाऱ्या मुलावर इंग्रजी विकिपीडियात कोणी लेख लिहिला, की बऱ्याचदा लवकरच त्यावर 'वगळावा का?' अशी पाटी लागते. मग साधारण सात दिवस चर्चा चालते. एक बाजू आकडे मांडते: इतके सामने, इतके गुण, विभागातला सर्वोत्तम खेळाडू. दुसरी बाजू फक्त एवढंच विचारते की याच्याबद्दल बाहेरच्या कोणी सविस्तर लिहिलंय का. ऐकणाऱ्याला वाटतं, भांडण खेळाडूच्या कर्तबगारीवरून चाललंय. खरं भांडण बातमी कुठून आली यावरून असतं, आणि ते विकिपीडियापेक्षा बरंच जुनं आहे.

अमेरिकेत कॉलेजचा खेळ हा पहिल्यापासून गर्दीचा आणि पैशाचा मामला. त्याचं नियमन करणारी एनसीएए ही संघटना १९०६ मध्ये स्थापन झाली. वर्तमानपत्रांचं लक्ष मात्र मोठ्या विद्यापीठांवर. लहान कॉलेजांच्या खेळाडूंसाठी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३४ पासून 'लिटल ऑल-अमेरिका' नावाचा वेगळा संघ निवडायला सुरुवात केली. नावातच 'लिटल', म्हणजे पंगत वेगळी. १९७३ मध्ये एनसीएएने कॉलेजांचे तीन विभाग पाडले, पहिला सगळ्यात वरचा. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायलाच मनाई आहे. आज याच विभागात सर्वाधिक, चारशेहून जास्त कॉलेजं आहेत. याशिवाय एनएआयए ही लहान कॉलेजांची संघटना निराळी.

आता इतक्या कॉलेजांच्या सामन्यांना वार्ताहर कोण पाठवणार? निकाल फोनवरून यायचे आणि छापले जायचे. १९४१ मध्ये मॉरिस न्यूबर्गर नावाच्या न्यूयॉर्कच्या शेअर दलालाने याची गंमत करून दाखवली. त्याने न्यू जर्सीत 'प्लेनफील्ड टीचर्स कॉलेज' नावाचं एक कॉलेज कल्पनेतच उभं केलं आणि त्याच्या फुटबॉल संघाचे विजय वर्तमानपत्रांना फोनवरून कळवायला लागला. न्यूयॉर्क टाइम्सने ते छापलेही. संघाचा तारा जॉनी चुंग. मध्यंतरात भात खाऊन ताकद मिळवणारा म्हणे! कॉलेजला जेरी क्रॉयडन नावाचा प्रसिद्धी अधिकारीही होता, अर्थात तोही काल्पनिक. बिंग फुटत आलं तेव्हा खेळाडू परीक्षेत नापास झाल्याने उरलेले सामने रद्द, असं पत्रक काढून न्यूबर्गरने खेळ आटोपता घेतला. शेवटी टाइम साप्ताहिकाने सगळी हकिगत छापली.

क्रॉयडन खोटा असला तरी ते पद खरं होतं. कॉलेजांच्या क्रीडा प्रसिद्धी अधिकाऱ्यांची देशव्यापी संघटना १९५७ मध्ये झाली. सामन्याचं पत्रक, खेळाडूचा परिचय, आकडेवारी हे सगळं आजही त्यांच्याच हातून बाहेर पडतं, आणि गावातलं वर्तमानपत्र अनेकदा तेच दोन शब्द बदलून छापतं. माहिती बहुधा अचूक असते. पण ती कॉलेजने स्वतःच्याच मुलाबद्दल दिलेली असते, आणि विकिपीडियाला हवा असतो तो तिऱ्हाइताने लिहिलेला मजकूर.

लहान कॉलेजचा खेळाडू हे कुंपण ओलांडू शकतो हे बेव्हो फ्रान्सिस या बास्केटबॉलपटूने फार पूर्वी दाखवलं. ओहायोतल्या रिओ ग्रांद कॉलेजात तेव्हा शंभरही विद्यार्थी नव्हते. जानेवारी १९५३ मध्ये त्याने एका सामन्यात ११६ गुण केले. प्रतिस्पर्धी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं ज्युनियर कॉलेज होतं, म्हणून तो विक्रम नोंदीतून काढण्यात आला. पठ्ठ्याने २ फेब्रुवारी १९५४ रोजी हिल्सडेल कॉलेजविरुद्ध ११३ गुण केले आणि ते नोंदीत कायम राहिले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावर लिहिलं. त्यामुळे त्याच्या लेखाला आज कोणी हात लावणार नाही.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला तेव्हा असले नियम नव्हते. हा काही छापील ग्रंथ नाही, पानं संपायची भीती नाही, मग राहू द्या की, असा सूर होता. हळूहळू 'उल्लेखनीयता' ही कसोटी घट्ट झाली: विषयाशी संबंध नसलेल्या विश्वसनीय स्रोतांत सविस्तर मजकूर हवा. २००५ मध्ये जॉन सीगेंथेलर या ज्येष्ठ पत्रकाराच्या लेखात कोणीतरी धादांत खोटा मजकूर घातल्याचं उघडकीस आलं, आणि जिवंत व्यक्तींच्या चरित्रांबाबत सगळेच सावध झाले.

खेळाडूंसाठी मात्र एक सोपी वाट होती. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत एक सामना खेळला की उल्लेखनीय असं गृहीत धरलं जाई. २०१० मध्ये क्रीडाविषयक स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आली, तेव्हाही हाच विचार टिकला. क्रिकेटमध्ये एक प्रथम श्रेणी सामना अनेक वर्षं पुरेसा होता, म्हणून रणजीत एकदाच उतरलेल्या खेळाडूंवरही लेख सापडतात: जन्मतारीख, धावा आणि दोन ओळी. कॉलेजच्या खेळाडूंना ही सवलत नव्हती. राष्ट्रीय पुरस्कार, 'हॉल ऑफ फेम' या नामवंतांच्या मानाच्या यादीत स्थान, पहिल्या विभागातला मोठा विक्रम किंवा देशपातळीवरच्या माध्यमांनी घेतलेली वैयक्तिक दखल, यांपैकी काहीतरी लागे. विक्रमाची अट पहिल्या विभागाची, हे इथे महत्त्वाचं. खालच्या विभागातल्या मुलाने काहीही केलं तरी त्याला वर्तमानपत्रांच्याच दारातून यावं लागतं.

२०२२ च्या सुरुवातीला मोठी चर्चा होऊन 'नुसता सहभाग' हा निकषच सगळ्या खेळांतून काढण्यात आला. आकडेवारीचे तक्ते सोडून निदान एक तरी सविस्तर संदर्भ लेखात असलाच पाहिजे, असं ठरलं. माझ्या मते हे योग्यच झालं. एक सामना खेळलेला व्यावसायिक आणि चार वर्षं गाजलेला कॉलेजचा खेळाडू यांना निदान एकच माप लागलं.

पण हे माप निर्दोष नाही. वर्तमानपत्रांनी ज्यांच्याकडे पाहिलंच नाही त्यांचं काय? कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतल्या खेळाडूंची दखल पिट्सबर्ग कुरियरसारखी त्यांची स्वतःची पत्रं घेत; गोऱ्यांच्या दैनिकांत त्यांना फारशी जागा नसे. इमॅक्युलाटा या पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या कॅथलिक कॉलेजच्या मुलींनी १९७२, ७३ आणि ७४ असं सलग तीनदा राष्ट्रीय बास्केटबॉल विजेतेपद मिळवलं. पण मुलींच्या खेळाला तेव्हा वर्तमानपत्रात जागा ती किती मिळायची! एक उलटी गोष्टही घडते. जुन्या गावोगावच्या पत्रांची डिजिटल कात्रणं आता संपादकांना मिळतात, त्यामुळे १९३० च्या दशकातल्या खेळाडूचा पुरावा सापडतो. आजच्या मुलाच्या गावचं वर्तमानपत्र मात्र बंद पडलेलं असू शकतं, आणि मग उरतं फक्त कॉलेजचं संकेतस्थळ.

त्यातून 'एकाच घटनेपुरता प्रसिद्ध' हा आणखी एक आक्षेप. २० नोव्हेंबर २०१२ रोजी आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजच्या जॅक टेलरने एका सामन्यात १३८ गुण करून फ्रान्सिसला मागे टाकलं. तिसऱ्या विभागाचं हे कॉलेज सतत तीन गुणांचे फटके मारत राहण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध; टेलरने तब्बल १०८ वेळा बास्केटवर नेम धरला होता. बातमी जगभर गेली, पण ती एका रात्रीची. वर्षभराने त्याने पुन्हा १०९ केले, तेव्हा हा आक्षेप बराच लुळा पडला. आपल्याकडे जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा करून इंग्लंडमधल्या कॉलिन्स या शाळकरी मुलाचा १८९९ पासूनचा नाबाद ६२८ चा विक्रम मोडला, तिथेही प्रश्न हाच. सामना शाळेचा, म्हणून सहभागाच्या कुठल्याच नियमात तो बसत नव्हता. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी मात्र त्याच्यावर भरभरून लिहिलं होतं.

जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येऊ लागले, तेव्हापासून नावापुढे ज्ञानकोशातला लेख असण्याचं आकर्षण वाढलं असणार. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं जाहीर करावं अशी अट २०१४ पासून आहे, पण हौसेने लिहिणाऱ्या काकाला किंवा सहखेळाडूला कोण ओळखणार?

लेख वगळण्याच्या चर्चेत मतं मोजत नाहीत, युक्तिवाद तोलतात. २००५ मध्ये या चर्चांच्या पानाच्या नावातला 'मतदान' हा शब्दही काढून टाकला गेला. बऱ्याचदा मधला मार्ग निघतो: लेख पुसत नाहीत, खेळाडूचं नाव शोधलं की संघाच्या त्या हंगामाच्या पानावर नेतात. जुना मजकूर पानाच्या इतिहासात तसाच असतो, आणि कोणी नवे संदर्भ आणले तर तो पुन्हा उघडता येतो.