२५,००० तासांचा बल्ब दोन वर्षांत का उडतो?

आमच्या पॅसेजमधला एलईडी परवा परत गेला, दोन वर्षांत दुसरा. खोक्यावर छापलंय २५,००० तास. रोज ५ तास धरले तरी साडेतेरा वर्षं होतात, म्हणजे मुलगी पहिलीत असताना लावलेला बल्ब ती कॉलेजला जाईपर्यंत चालायला पाहिजे. मग आकडा खोटा का? खोटा नाही म्हणता येणार, पण तो वेगळ्याच गोष्टीचा आहे.

आधी जुना पिवळा गोळा घ्या. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांपर्यंत तापवायची की ती उजळते, पण खाल्लेल्या विजेतली जेमतेम ५ टक्के उजेड होते, बाकीची नुसती शेगडी. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये (आपण उगाच वॉटलाच उजेड समजत आलो) आणि गोळा एका वॉटला १२-१५ ल्युमेनच देतो. झिरोचा बल्ब तर नावालाच झिरो, तो १२-१५ वॉट खायचा. तापलेली तार हळूहळू झिजते, काच आतून काळी पडते आणि एक दिवस बटण दाबल्यावर टक्, कारण गार तारेतून सुरुवातीला करंट जोरात जातो. आयुष्य साधारण १,००० तास. १९२४ मध्ये जगातल्या मोठ्या कंपन्यांनी फीबस नावाचं कार्टेल (आपसातलं संगनमत) करून हा आकडा ठरवून घेतला, जास्त टिकणारा बल्ब केला तर दंड! डाव होताच, पण विज्ञानही थोडं त्यांच्या बाजूने होतं. तार कमी तापवली तर ती टिकते खूप, उजेड मात्र मरतो. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या फायर स्टेशनमध्ये १९०१ पासूनचा बल्ब अजून चालू आहे, पण देतो किती तर ४ वॉटच्या बल्बाइतका मिणमिणता उजेड.

ट्यूबलाइट चोक धरून वॉटला पन्नास-एक ल्युमेन देते, सीएफएलही त्याच घरातली. ट्यूबची टोकं काळी पडतात ना, तिथला लेप प्रत्येक वेळी चालू करताना थोडा उडतो, म्हणून सारखं चालू-बंद होणाऱ्या संडासात सीएफएल लवकर जायचा. वर आत पारा, फुटला की पंचाईत. रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे शंभरच्या आसपास ल्युमेन देतात आणि टिकतातही, पण त्या उजेडात लाल शर्ट कुठला आणि तपकिरी कुठला ते सांगून दाखवा.

एलईडी वॉटला ९०-१०० ल्युमेन सहज देतो, म्हणून ६० चा गोळा काढून ९ वॉटचा लावला तरी भागतं. रोज ५ तासांच्या हिशोबाने महिन्याला ९ युनिटच्या जागी दीडपेक्षाही कमी. हे जमलं निळ्या एलईडीमुळे, त्यावर पिवळा फॉस्फर (निळ्या उजेडातला काही पिवळा करणारी पावडर) चढवला की पांढरा उजेड. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे स्वस्त एलईडी बल्ब देणाऱ्या सरकारी उजाला योजनेत सरकारची खरेदी किंमत ३१० रुपयांवरून ३८ वर आली, तेव्हा कुठे तो घराघरात शिरला.

आता खोक्यावरचे तास. एलईडी गोळ्यासारखा पटकन मरत नाही, फिका होत जातो, म्हणून बहुतेक वेळा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आला की आयुष्य संपलं असं धरतात, आणि ते मोजतात ते आतल्या उजेड देणाऱ्या बारक्या चिपचं, अख्ख्या बल्बचं नाही. बल्बच्या मानेत एसीचं डीसी करणारं सर्किट असतं, त्यातला कपॅसिटर (वीज थोडी साठवून ठेवणारा भाग) उष्णतेला फार हळवा, ढोबळ हिशोबाने १० अंश वाढले की आयुष्य निम्मं. एलईडी तापत नाही म्हणतात ते चूक आहे, चालू बल्बच्या मानेला हात लावून बघा. गोळ्याची उष्णता उजेडाबरोबर बाहेर फेकली जायची, एलईडीची मानेतूनच निघावी लागते, आणि आमचा होता काचेच्या बंद डोममध्ये.

गेलेला बल्ब मी उघडून बघितला. सर्किट चक्क ठीक होतं, आतल्या बारक्या एलईडींपैकी एकावर मात्र टाचणीएवढा काळा ठिपका. सगळे एका माळेत असतात, एक गेला की दिवाळीच्या माळेसारखा सगळाच अंधार. आता १२ वॉटच्या जागी ७ चा लावलाय आणि डोमची काच माळ्यावर गेलीय, बायको म्हणते पॅसेज गोदामासारखा दिसतोय.