नाझगुल वेगळे, बॅरो-वाइट वेगळं

टॉल्किनची लॉर्ड ऑफ द रिंग्ज ही कादंबरी वाचणारी सांगलीत जी काय थोडी पोरं आहेत त्यांच्यात आमराईत फिरता फिरता एक वाद हमखास निघतो, की थडग्यातलं ते बॅरो-वाइट म्हणजे नाझगुलचाच, काळ्या झग्यातल्या त्या नऊ घोडेस्वारांचाच, एखादा भाऊ का? वाचणाऱ्याचा तरी काय दोष म्हणा, दोन्ही प्रकार पहिल्याच भागात आठवड्याभराच्या अंतरानं येतात, दोन्हीकडं अंधार, गारठा, बोबडी वळणं सगळं सेम.

नाझगुल मुळात जिवंत माणसं. राजे, जादूगार, लढवय्ये. कथेतला मुख्य खलनायक सॉरॉन, त्याच्या नऊ अंगठ्या बोटात घातल्या, सत्ता आली, आयुष्य वाढत गेलं आणि माणूस मात्र विरत विरत दिसेनासाच झाला. काळे झगे त्यासाठीच, नाहीतर आकार कुठनं येणार? पण वेदरटॉप टेकडीवर फ्रोडो (कथेचा नायक, बुटक्या हॉबिट जमातीतला) त्याच्याकडची जादूची अंगठी घालतो तेव्हा त्याला समोरचे पाचजण चक्क दिसतात, पांढरेफटक चेहरे, पिकलेले केस. म्हणजे आत माणूस तोच आहे, मर्जी तेवढी त्याची राहिली नाही.

वाइटचं बरोब्बर उलटं. थडगी जुन्या राजघराण्यातल्या चांगल्या माणसांची, ती मंडळी कधीच मेली. कथेतल्या तिसऱ्या युगाच्या 1636 साली महामारी आली, तिथली उरलीसुरली वस्ती संपली आणि अंगमार नावाच्या दुष्ट राज्याच्या राजानं, विच-किंगनं, त्या ओस पडलेल्या थडग्यांत भुतं पाठवली. आपल्याकडं वेताळ प्रेतात शिरतो तसंच की, प्रेत ज्याचं त्याचा वेताळाशी काडीचा संबंध नसतो. त्यामुळं ‘वाइट म्हणजे तो मेलेला राजाच’ हे पण चूक.

गोंधळात भर म्हणजे थडग्यांतनं थंड बोटातल्या अंगठ्यांचा किणकिणाट येतो असं पुस्तकात आहे, मग अंगठी म्हटलं की झालं, लोक लगेच नऊ मोजायला लागतात. अहो ते मढ्याबरोबर पुरलेले दागिने, त्यात जादूबिदू नाही.

आता मेरीचं (फ्रोडोचा दोस्त, हॉबिट हो, पोरगी नव्हे). थडग्यात वाइटनं पकडलेले फ्रोडोचे तिघं दोस्त आडवे, गळ्यांवर एकच लांब तलवार, एक हात बोटांवर चालत सॅमकडं येतोय आणि फ्रोडो तो मनगटातनं तोडतो. पुढं रानातला अवलिया टॉम बॉम्बाडिल गाणं म्हणून वाइटला हाकलतो, मेरी जागा होतो आणि कार्न डूमच्या लोकांनी रात्री हल्ला केला, छातीत भाला घुसला असलं काहीतरी बरळतो. साताऱ्याचा आमचा एक दोस्त म्हणतो, ह्याच्या अंगात वाइट आलं. मला नाही पटत. कार्न डूम म्हणजे विच-किंगची राजधानी, म्हणजे ही आठवण त्याच्याशी लढून मेलेल्या कुणाची तरी आहे, वाइट कशाला आपल्याच मालकाच्या नावानं बोंब मारेल?

आणि मालक म्हणजे कोण, तर नाझगुलचा म्होरक्या! दोघांतलं खरं नातं एवढंच, धनी आणि राखणदार. पण त्या राखणदारांनी राखलं काय बघा. टॉम त्याच थडग्यातनं चौघांना एकेक खंजीर देतो, अंगमारशी लढणाऱ्यांनी घडवलेला. तोच कादंबरीच्या सहापैकी पाचव्या पुस्तकात मेरी विच-किंगच्या गुडघ्यामागं खुपसतो, जादू तुटते, मग एका राजाची भाची एओविन त्याला संपवते. स्वतःच्या मरणाचं हत्यार विच-किंगच्याच भुतांनी तेराशेच्यावर वर्षं सांभाळलं.

2001 च्या सिनेमात थडगीच उडवलीत, त्या खंजिरांच्या जागच्या तलवारी त्यांचा वाटाड्या अ‍ॅरागॉर्न वेदरटॉपवर असाच वाटून टाकतो, म्हणून नुसता सिनेमा बघितलेली माणसं विचारतात की एवढ्याशा हॉबिटच्या वारानं विच-किंग गुडघ्यावर आलाच कसा. आणि बॉम्बाडिल बोअर होतो म्हणून ती पानं गाळून थेट पुढच्या ब्री गावात पोचणारे आमच्यातले शहाणे पण नेमकं हेच विचारतात.