क्लास लीडर (मेथडिस्ट मंडळी)

मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळीतील सुमारे बारा जणांच्या गटाची, म्हणजे ‘क्लास’ची, आध्यात्मिक देखभाल करणारी व्यक्ती. क्लास लीडर दीक्षा घेतलेला पाळक नसे. विणकर, सुतार, दुकानदार, गृहिणी असे कोणीही आपला रोजचा व्याप सांभाळून हे काम करी.

या पदाचा उगम एका कर्जात आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील ‘न्यू रूम’ या सभागृहाचे देणे कसे फेडावे, याचा विचार फेब्रुवारी 1742 मध्ये चालला होता. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे कॅप्टन फॉय यांनी सुचवले. गरिबांना तेही परवडणार नाही, अशी शंका निघाली. तेव्हा सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमले नाही तर त्यांचे मी भरीन, असे ते म्हणाले. वसुलीसाठी घरोघर जाताना कोण आजारी आहे, कोण दारूकडे वळला आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, हे आपोआप कळू लागले. आपल्याला हवी होती ती व्यवस्था हीच, हे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी लगेच ओळखले. 1743 च्या नियमांनुसार लीडरने आठवड्यातून एकदा प्रत्येकाची भेट घ्यायची, आत्मिक स्थिती विचारायची, गरिबांसाठी मदत गोळा करायची आणि धर्मोपदेशकाला सारे कळवायचे. पुढे घरोघर फिरण्याऐवजी सगळे एकत्र बसू लागले.

नेतृत्व घडले ते अशा कामातूनच. दुसऱ्याचे ऐकून घेणे, धीर देणे, प्रसंगी कान उघाडणी करणे, हे सामान्य माणसे करता करता शिकली. सेरा क्रॉस्बी या क्लास लीडर 1761 मध्ये डर्बी येथे क्लास घ्यायला गेल्या, तर सुमारे दोनशे लोक जमले. एकेकाशी बोलणे अशक्य झाल्याने त्यांनी सर्वांना उद्देशून बोध केला. स्त्रीने असे बोलणे तेव्हा रूढीबाहेरचे होते. तरीही तुम्ही मर्यादा ओलांडलेली नाही, असे वेस्ली यांनी त्यांना कळवले.

मात्र लीडरची निवड मंडळी करत नसे. नेमणूक आणि बडतर्फी वरूनच होई. काम वाटले गेले, अधिकार तितका वाटला गेला नाही, हा या व्यवस्थेतील खरा उणेपणा म्हटला पाहिजे.

या व्यवस्थेचे बळ कॅरिबियनमधील अँटिग्वा बेटावर दिसले. तेथील मंडळीचे संस्थापक नथॅनिएल गिल्बर्ट 1774 मध्ये वारले. त्यानंतर मेरी अ‍ॅली आणि सोफिया कॅम्पबेल या कृष्णवर्णीय स्त्रियांनी प्रार्थनासभा आणि क्लास चालू ठेवून मंडळी टिकवली. 1778 मध्ये जॉन बॅक्स्टर आले, ते गोदीतले जहाजबांधणी कारागीर होते; दीक्षित पाळक तेव्हाही नव्हताच.

एकोणिसाव्या शतकात क्लासला ओहोटी लागली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मेथडिस्ट मंडळीने 1866 मध्ये हजेरीची सक्तीच काढून टाकली. पण 1871 च्या अखेरीस मुंबईत आलेल्या अमेरिकन मेथडिस्ट धर्मोपदेशक विल्यम टेलर यांनी याच पद्धतीने घरोघरी छोटे गट उभे केले, सुरुवातीला मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांत. अमेरिकन मराठी मिशनद्वारे 1848 मध्ये मुंबईत आलेले जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले आणि पुढे मेथडिस्टच झाले.