दोन हजारांपासून उणे अडीचशेपर्यंत

अमेरिकन कथाकार ओ. हेन्रीची 'द रॅन्सम ऑफ रेड चीफ' ही कथा 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकात १९०७ च्या जुलैत छापून आली. त्या काळच्या अमेरिकेत मूल पळवणे हा हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हता. १८७४ मध्ये फिलाडेल्फियातून चार वर्षांचा चार्ली रॉस पळवला गेला. २० हजार डॉलरची मागणी आली, मुलगा मात्र कधीच सापडला नाही. १९०० मध्ये ओमाहातल्या एका मांस-कारखानदाराने २५ हजारांचे सोने मोजून आपला मुलगा सोडवला. हे ज्या वाचकांच्या कानांवर होते, त्यांच्यापुढे लेखकाने सॅम आणि बिल हे दोन भामटे उभे केले आणि त्यांनी खंडणीसाठी पळवलेले दहा वर्षांचे पोर त्यांच्याच मागे लावून दिले.

लेखक, खरे नाव विल्यम सिडनी पोर्टर, स्वतः शिक्षा भोगून आलेला. बँकेतल्या अफरातफरीबद्दल १८९८ मध्ये त्याला पाच वर्षांची सजा झाली. त्यातली तीनहून अधिक वर्षे त्याने ओहायोच्या तुरुंगात काढली. त्याचे भामटे खलनायक वाटत नाहीत, ते बहुधा म्हणूनच.

या कथेची शिकवण्यांत नेहमी 'परिस्थितीजन्य उपरोध', म्हणजे अपेक्षेच्या नेमके उलट घडणे, म्हणून बोळवण होते. खरी गंमत मला सॅमच्या तोंडी असलेल्या निवेदनात दिसते. गडी भारदस्त शब्दांचा शौकीन. जोडीदार बिल 'अ‍ॅबरेशन' म्हणजे बुद्धिभ्रम म्हणायला जातो आणि 'अ‍ॅपरिशन' म्हणजे भूत म्हणून बसतो, ते सॅम तसेच सांगतो. गाव सपाट, नाव समिट, म्हणजे शिखर. तेही तो 'अर्थातच' म्हणून सांगतो. बिल तर बायबलमधले आपले आवडते पात्र हेरोद राजा असल्याचे जाहीर करतो. बेथलेहेमची तान्ही बाळे मारवणारा हा राजा कोण, हे माहीत नसेल तर विनोद हातचा निसटतो. बिचाऱ्याच्या पाठीत त्या पोराने नुकताच उकळता बटाटा घालून लाथेने चिरडलेला असतो.

विनोदाचा कणा मात्र आकड्यांचा आहे. दोघांकडे ६०० डॉलर, हवे आणखी २,०००. बिलच्या गयावयांमुळे मागणी १,५०० वर येते. चिठ्ठीखाली सही 'दोन जिवावर उदार माणसे' अशी. बापाचे उत्तर अगदी शांत, व्यापारी भाषेतले: मुलगा घरी आणून २५० डॉलर रोख द्या, मी त्याला ठेवून घेतो. आणि ते देतात. शेवटी अंधारात लठ्ठ बिल असा सुटतो की चांगला पळणारा सॅमही त्याला दीड मैलावर गाठतो.