प्रोस्टेट कॅन्सरची तपासणी आणि ब्लॅक अमेरिकन पुरुष: अविश्वास कुठून आला

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षण मंत्री लॉइड ऑस्टिन यांचं प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि १ जानेवारीला त्रास वाढून त्यांना परत ॲडमिट करावं लागलं, तरी खुद्द राष्ट्राध्यक्ष बायडन यांना पुढचे काही दिवस पत्ता नव्हता. बातम्यांमध्ये सगळा गदारोळ प्रोटोकॉलवरून झाला. पण लष्करात जनरलपदापर्यंत पोचलेल्या या ब्लॅक माणसालासुद्धा हा आजार बोलून दाखवावासा वाटला नाही, हे कुठून येतं ते बघायला हवं, कारण तिथल्या ब्लॅक पुरुषांमध्ये साधारण सहापैकी एकाला आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो आणि त्यातून मरण्याचं प्रमाण गोऱ्या पुरुषांच्या जवळपास दुप्पट आहे.

लाज आहेच, गुदद्वारातून बोट घालून करायच्या तपासणीला कुठलाही पुरुष सहज तयार होत नाही. पण त्याखाली टस्कीगीचा सरकारी प्रयोग आहे, ज्यात उपचार न करता सिफिलिस (हा गुप्तरोग) कसा वाढतो ते नुसतं बघत बसले. १९३२ ला अलाबामात मेकन काउंटीमध्ये सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब ब्लॅक पुरुष गोळा केले, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, त्यांना सांगितलं काय तर तुमचं रक्त खराब आहे. पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं होतं ते निव्वळ अभ्यासासाठी, पण पत्रात लिहिलं की खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी आहे. मेल्यावर शवविच्छेदन करू द्यावं म्हणून अंत्यसंस्काराच्या खर्चाचं आमिष दाखवलं. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा ठरलेला उपचार झाला होता, तोही दिला नाही. १९७२ ला पत्रकार जीन हेलर यांनी बातमी फोडली तेव्हा कुठे हे थांबलं, आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ ला.

आता अशा समाजात कोणी 'मोफत तपासणी, जरूर या' असं पत्रक वाटलं तर आजोबांच्या पिढीला काय आठवणार? म्हणून लोक अडाणी आहेत, त्यांना माहिती द्या म्हणजे येतील, हा सूर मला पहिल्यापासून चुकीचा वाटतो.

त्यात डॉक्टर मंडळींचंही एकमत नव्हतं. पीएसए ही रक्ताची तपासणी कॅन्सर शोधण्यासाठी १९९४ ला मंजूर झाली, जोरात सुरू झाली, आणि २०१२ ला सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की करूच नका, फायद्यापेक्षा नुकसान जास्त (गरज नसताना ऑपरेशन, मग लघवीवर ताबा न राहणं, लैंगिक त्रास). हे नुकसान खरंच आहे, ते लपवायचं कारण नाही. पण ज्या मोठ्या अमेरिकन अभ्यासाचा आधार होता त्यात ब्लॅक पुरुष होते जेमतेम चार-साडेचार टक्के, म्हणजे ज्यांना धोका सर्वात जास्त त्यांच्याबद्दल त्या आकड्यांवरून काही ठरवणंच अवघड. २०१८ ला समितीने थोडं मागे येऊन ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवावं असं म्हटलं.

पण बोलायचं कुणाशी? इथेच सलून आणि चर्च येतात. गुलामगिरीच्या काळात ब्लॅक न्हावी बहुतेक गोऱ्यांचीच दाढी करायचे, पुढे वस्त्यांमध्ये त्यांची स्वतःची दुकानं झाली आणि तिथे राजकारणापासून घरच्या भांडणांपर्यंत सगळं मोकळेपणी निघू लागलं, शिवाय वर्षानुवर्षं न्हावी तोच. याचा उपयोग किती होतो ते लॉस एंजेलिसमध्ये ब्लड प्रेशरवरून दिसलं: २०१८ च्या अभ्यासात ५२ सलूनमधल्या ३१९ ब्लॅक पुरुषांपैकी ज्यांना दुकानातच फार्मासिस्ट भेटून औषध देत होते त्यांचं वरचं प्रेशर सरासरी २७ अंकांनी उतरलं, ज्यांना न्हाव्याने फक्त डॉक्टरकडे जायला सांगितलं त्यांचं ९ च्या आसपास. म्हणजे नुसता सल्ला नाही, सेवा पण तिथेच हवी. प्रोस्टेटच्या बाबतीत थॉमस फॅरिंग्टन यांनी, जे स्वतः या कॅन्सरमधून वाचलेत, २००३ ला संस्था काढली आणि फादर्स डेला चर्चमध्येच हा विषय काढायला सुरुवात केली.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांपर्यंत पोचलीये. जिथे उपचार सगळ्यांना सारखे मिळतात, उदाहरणार्थ माजी सैनिकांची सरकारी हॉस्पिटलं, तिथे निदान झाल्यानंतर ब्लॅक आणि गोऱ्या रुग्णांच्या मृत्यूंमधला फरक जवळजवळ पुसला जातो, म्हणजे सगळं जनुकांवर ढकलता येत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशनने ब्लॅक पुरुषांसाठी वेगळ्या सूचना काढल्या: पहिली पीएसए ४० ते ४५ च्या दरम्यान, आणि घरात वडील किंवा भावाला झाला असेल तर त्याच्याही आधी.